पहाऱ्यास पात्र इसम: एक

ऱ्हाईन नदीकाठच्या छावणीतील ‘तिसरे शतक’ या शंभरांच्या म्हणवल्या जाणाऱ्या तुकडीत नियमाप्रमाणे ऐंशी माणसे होती. शतकात ऐंशीच माणसे असतात, हे रोमच्या सैन्यात कोणाला खटकत नसे. खटकून घेण्याचे काम कोणाकडे सोपवलेलेच नव्हते. या ऐंशींपैकी एकोणऐंशी जणांना ‘सूट’ होती. ज्याच्या हाती कसब, त्याला खंदक, पहारा आणि शौचकूपाची सफाई माफ, असा नियम. त्यानुसार मोजणीदार, शिंगवादक, बाण करणारा आणि वैद्याचा मदतनीस यांना सूट मिळाली. पुढे मोजणीदाराची दोरी धरणारा, शिंग पुसणारा आणि लढाईआधी शकुन पाहण्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांना दाणे टाकणारा यांचेही कसब मान्य झाले. कोंबड्या चार होत्या, रखवालदार सहा.

उरला वेटीनियस. अकरा वर्षांत त्याला एकही कसब आले नाही, कारण ते शिकायला जायचे तर दरवाज्यावर दुसरा माणूस हवा होता.

त्या दिवशी सकाळी बाहेरच्या वस्तीतून निरोप आला, की सेनुआला कळा सुरू झाल्या आहेत. सैनिकाला नियमाने बायको नसते; म्हणून आठ वर्षे संसार करूनही सेनुआची नोंद ‘ओळखीची बाई’ अशी होती. नियम काही म्हणो, रीत पक्की होती. जन्मलेले मूल जमिनीवर ठेवतात, आणि बापाने ते दोन्ही हातांनी उचलले की मग ते घरचे होते, त्याला नाव मिळते. आधीचा मुलगा जन्मला तेव्हा वेटीनियस याच दरवाज्यावर उभा होता. मुलगा तिन्हीसांजेपर्यंत जमिनीवर राहिला आणि बिननावाचाच गेला. वस्ती दरवाज्यापासून तीनशे पावलांवर होती.

“साहेब, दुपारपर्यंत कोणी माझा भाला धरेल का?” त्याने उपनायक कोमिनियसला विचारले.

“धरेल की,” कोमिनियस मेणपाटीवरून बोट फिरवत म्हणाला. “फक्त सूट नसलेला बघ.”

“सूट नसलेला मी एकटाच आहे.”

“मग तूच धर. बघ, मिळाला की नाही माणूस?”

वेटीनियसने कोंबड्यांचा मुख्य रखवालदार फाबेरियस याला हाक मारली.

“वेट्या, तुझ्यासाठी काय वाटेल ते,” फाबेरियस गहिवरून म्हणाला. “पण पहाऱ्याचा भाला हातात घेतला की सूट जाते रे. मग कोंबड्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?”

“आणखी पाच जण आहेत ना तुमच्यात?”

“ते मदतनीस आहेत.”

प्रकरण शतनायक पापिरियसकडे गेले. पापिरियस मनाचा मऊ होता. “अकरा वर्षं उभा आहे बिचारा,” तो म्हणाला, आणि वेटीनियसला ‘पहारा-निरीक्षक’ नेमून त्याने जागच्या जागी सूट दिली. सर्वांनी ढाली वाजवल्या. वेटीनियस वस्तीकडे वळला.

“कुठे निघालास?” कोमिनियसने अडवले. “निरीक्षकाने भाला आधी पहारेकऱ्याच्या स्वाधीन करायचा असतो.”

“पहारेकरी कुठाय?”

“नेमू की. तोवर भाला निरीक्षकाच्या ताब्यात. खाली ठेवलास तर फटके पडतील.”

अशा रीतीने पहाऱ्यातून सूट मिळालेला वेटीनियस पहाऱ्यावर उभा राहिला.

दुपारी, बाप येत नाही असे पाहून, टेर्टुला नावाची म्हातारी सुईण बाळ फडक्यात गुंडाळून दरवाज्यावर आली. बातमी फुटताच अख्खे शतक अभिनंदनाला लोटले. टेर्टुलाने बाळ उंबऱ्यापाशी जमिनीवर ठेवले.

“उचल रे बाबा लवकर. पोरगी गार पडतेय.”

एका हाताने उचललेले रीतीत चालत नव्हते. वेटीनियसने भाला पुढे केला. एकोणऐंशी माणसे एक पाऊल मागे सरली. इतकी सरळ रांग त्या शतकाने कवायतीतही कधी धरली नव्हती.

“तुम्ही सगळे इथेच तर उभे आहात,” वेटीनियस म्हणाला. 

“आम्ही अभिनंदनासाठी उभे आहोत,” कोमिनियस समजुतीच्या सुरात म्हणाला. “पहाऱ्यासाठी उभं राहणं वेगळं.”

“मुडद्यांनो, आणा तो इकडे,” म्हणत टेर्टुलाने भाला हिसकून घेतला.

वेटीनियसने मुलगी दोन्ही हातांनी उचलली. शिंग वाजले. फाबेरियसने डोळे पुसले. कोमिनियसने मेणपाटीवर नोंद केली: पहाऱ्यास पात्र इसम, एक. नाव, टेर्टुला. सूट, नाही.

“झालं ना कौतुक?” टेर्टुला म्हणाली. “घे तुझा भाला. वस्तीत अजून एकीला कळा लागल्यात, मला गेलं पाहिजे.”

वेटीनियसने मुलीकडे पाहिले, मग भाल्याकडे. सेनुआ तीनशे पावलांवर होती आणि आता त्याला कोणी अडवत नव्हते.

“धरला असता हो, आजी,” तो अतिशय हळुवारपणे म्हणाला. “पण मला आता सूट आहे.”

वेटीनियसला नावे ठेवण्यापूर्वी वाचकांनी एवढेच करावे: ज्याला कसलीही सूट नाही, अशाने दरवाज्याकडे यावे. आजी थकल्या आहेत, आणि अजून कोणी आलेले नाही.