पाहुणं

रुस्तुममामा भेटले की "कसं काय, बरं हाय का" असं विचारत नाहीत. "अठरा झाली का?" असं विचारतात. मला चव्वेचाळीस झाली आहेत, तरी सवयीनं विचारतात. मागं आमच्या गल्लीत एका बारशाला गेले, पाळण्यातल्या पोरीकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हिला टाईम हाय अजून." लग्नात नवरीला आहेर म्हणून ते आठ नंबरचा फॉर्म देतात, म्हणजे माहेरच्या मतदार यादीतलं नाव सासरच्या यादीत न्यायचा. नवरी वाकून नमस्कार करते. मामांचा आशीर्वाद ठरलेला: "आधारची झेरॉक्स जोड बरं का."

हर्सूलला माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत ते राहतात; मामा म्हणायचं ते शेजारी म्हणून. एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, हे यादीच्या नादी लागले. कुणाचं नाव राहिलंय, कुणाचं चुकलंय, हे हुडकत हिंडायचं, फॉर्म भरून घ्यायचे आणि गठ्ठा कचेरीच्या खिडकीत नेऊन द्यायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पगार देत नाही. फक्त फॉर्ममध्ये चूक खपत नाही. माझ्या बायकोनं जन्मतारीख जरा इकडंतिकडं केली तर फॉर्म परत आणून दिला. "कागदावर खोटं नाय चालत, ताई." बायको त्यावर आठवडाभर धुसफुसली, आणि ते ऐकायला घरात मीच होतो.

या खेपेला मात्र कचेरीनं मामांनाच चक्रावून टाकलं. आधी ठरलं की गठ्ठा घेणार नाही, ज्याचा फॉर्म त्यानं स्वतः यायचं. मामांनी अकरा जणांना रिक्षांत कोंबून नेलं. तिथं कळलं की निर्णय बदललाय, आता एकेकाचा नको, गठ्ठाच हवा, पण एका माणसाकडून दिवसाला दहाच फॉर्म. अकराव्याला मामांनी आल्या पावली परत पाठवलं, तो अजून बोलत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला गठ्ठा घेऊन मामांबरोबर मीही गेलो. मी यासाठी की माझी शेंद्र्याच्या कंपनीतली पाळी दुपारची, आणि गाडी माझी. तर खिडकीत तिसरंच: फॉर्म आणा, पण फक्त नातेवाइकांचे; बाकीच्यांनी स्वतः यायचं.

"असं लिहिलंय कुठं?" मी विचारलं.

खिडकीतले बाबू बिचारे आमच्याहून गोंधळलेले. "मेरेकू बी समझ में नै आ रा, भाई. ऊपर से तोंडी आया." कुणाच्या तोंडून आलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मामा बाकावर बसले. गठ्ठ्यात सगळ्यात वर भामाबाईचा फॉर्म होता. भामाबाई मेंढरांमागं फिरणारी, साठी ओलांडलेली, नवरा केव्हाच गेलेला. घर तलावाकडं, पण वर्षातले सात-आठ महिने मुक्काम रानात. नोंदणीवाले यायचे तेव्हा ती घरी नसायची आणि ती घरी यायची तेव्हा मुदत संपलेली असायची. जन्मात एकदाही मत दिलेलं नाही. कन्नडकडं कळप घेऊन जाताना फॉर्मवर अंगठा उठवून तिनं मामांना सांगितलं होतं, "दुसरं काय नगं मला. मरायच्या आत एकदा बोटाला शाई लागू द्या." आता मुदतीला तीन दिवस उरले होते.

"बहीण म्हणून लिहून टाका की," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

मामांनी माझ्याकडं विनातिकीट सापडलेल्या प्रवाशाकडं बघावं तसं बघितलं. "बहीण नाय ती माझी. मग कसं लिहू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते कन्नडला गेले. घाटाखालच्या गावागावांत कळप विचारत फिरले. शेवटच्या दिवशी दुपारी भामाबाईला घेऊन कचेरीत हजर झाले. मेंढरं तिच्या दिरावर सोपवली होती. मी रजा टाकून खिडकीपाशी जागा धरून उभा होतो.

बाबूंनी कपाळाला हात लावला. "अरे चाचा, इनकू कायकू लाए? सुबह से सबके फॉर्म चालू हो गए ना."

मामांनी फॉर्म खिडकीतून आत सरकवला. हसावं की रडावं, मला कळेना. भामाबाईला तर यातलं काहीच कळलं नव्हतं, ती खिडकीच्या गजांना धरून शांत उभी होती.

फॉर्म घेतला, पोच दिली. मग बाबूंनी एक रजिस्टर पुढं ओढलं. अर्जदारासोबत कोण आलं, तेही लिहायचं असं आता ठरलं होतं. "ये कौन लगते तुम्हारे?"

भामाबाईनं पदर सावरला. "पाव्हणं हायेत आमचं."

आमच्याकडं सोयऱ्यालाही पाहुणा म्हणतात आणि पाणी मागायला दारात आलेल्या परक्यालाही पाहुणाच म्हणतात. बाबूंनी त्यातलं एकच ऐकलं आणि मामांच्या नावापुढं लिहिलं: नातेवाईक.

आता हे खोडायला लावणार, रांग अडणार, याची मला खात्री होती. मामांनी चष्मा लावला, ओठ हलवत ती ओळ वाचली आणि खाली सही केली.

बाहेर आल्यावर मी डिवचलं, "काय मामा, कागदावर खोटं?"

"तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. माझं काय हाय त्यात?" असं म्हणून ते भामाबाईला रिक्षा बघायला गेले.

चार दिवसांनी पुन्हा गाडी मागायला आले, मीच त्यांना कचेरीत घेऊन गेलो. रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल मिळावी, असा रीतसर अर्ज त्यांनी केला होता. बाबूंनी नक्कल दिली, पण त्यांना राहवलं नाही. "इसका क्या करोगे चाचा? उनका नाम तो आ जाएगा."

"असू द्या. रेकॉर्डला."

मामांनी ती नक्कल रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली. कार्डावर एकच नाव दिसत होतं, त्यांचं. लग्न राहून गेलं, धाकटा भाऊ तरुणपणीच वारला, एवढं मला माहीत होतं. त्यापुढं, भिंतीला भिंत असूनही, मी कधी काही विचारलं नव्हतं. तेव्हा त्याची लाज वाटली.

"मामा, खरंच कशाला हवी होती नक्कल?" गाडी चालू करता करता मी विचारलं.

ते मागं बसले, पिशवी मांडीवर नीट धरली.

"मी कुणाचा कोण हाय, असा दुसरा कागद नाय माझ्याकडं."