चमचेवाले गुरुजी

दिनकर गुरुजींच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलचा चमचा असतो. पहिल्यांदा बघणारा हसतो, दुसऱ्यांदा बघणारा कारण विचारतो, आणि तिसऱ्यांदा बघणाऱ्याला तोवर गुरुजींनी खिचडीत मीठ किती पडलंय ते ऐकवलेलं असतं.

आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळालेला माणूस आहे हा. पुरस्कार आला आणि वर्ग गेला, असं आम्ही शिक्षक गमतीने म्हणतो, पण झालं तसंच. आता आठवडाभर ते शहापूर-मुरबाडच्या शाळा बघत फिरतात आणि मध्येच एखाद्या दिवशी ठाण्याला शिक्षणाधिकारी साहेबांच्या धोरणाच्या बैठकीत जाऊन बसतात. त्यांना गाडी चालवता येत नाही. माझ्याकडे स्कूटी आहे. एवढ्या एका गुणावर त्यांच्याबरोबर माझी नेमणूक झाली. नशीब माझं, दुसरं काय!

"आधी चूल, मग मूल" हे त्यांचं शाळाभेटीचं सूत्र. मुख्याध्यापक फुलं घेऊन व्हरांड्यात उभे असतात आणि गुरुजी मागच्या दारी पातेल्यात डोकावत असतात. शाळेत खिचडी शिजली की मुलांना वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने ती खायची आणि चवीच्या वहीत शेरा लिहून सही ठोकायची, असा नियम आहे. सगळ्या शाळा तो पाळतात. म्हणजे "चांगले" असं लिहितात. कधीकधी तर पातेलं चुलीवर चढायच्या आधीच लिहून मोकळे होतात. मीही इतकी वर्षं तेच केलं, खोटं कशाला बोलू?

ते "चांगले" दिसलं की गुरुजी पेटतात.

"चांगले म्हणजे काय? वाटाणा शिजला का? हळद कच्ची लागली का? पोराला दुसऱ्यांदा मागावंसं वाटलं का? शेरा म्हणजे शेरा, बाई! 'चांगले' काय, न जेवलेला माणूससुद्धा लिहितो."

मग स्वतः लिहायला बसतात. त्या सोमवारी शेणव्याकडच्या एका शाळेत लिहिलं, "मीठ बरोबर. फोडणीचा लसूण घरचा. खाली थोडी लागली, पण खरवड मागायला चार मुले उभी होती." मंगळवारी मुरबाडकडे लिहिलं, "वाटाणा रुसलेला. अजून दहा मिनिटे समजूत काढायला हवी होती." ते वाचून तिथल्या मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. आता नोटीस येणार या भीतीने बिचारे स्कूटीपर्यंत हात जोडत आले.

शेरा झाला की गुरुजी मुलांच्या पंगतीत मांडी ठोकून बसणार. पाहुण्यांसाठी मागवलेले वडे ऑफिसात गार होणार आणि ते मी खाणार. डावीकडच्या पोरीला विचारणार, "शेंग आली का गो तुझ्या ताटात?" उजवीकडच्याला म्हणणार, "कांदा बाजूला काढू नको रे, रडेल तो." पोरं खदाखदा हसायची. पुढची शाळा गाठायची म्हणून मी बाहेर चडफडत असायची. "बाई, पंगत उठल्याशिवाय उठू नये," हे वर मलाच. पंगत तर केव्हाच हात धुऊन खेळायला पळालेली असायची आणि हे एकटे ताट चाटत बसलेले.

बुधवारी तानसाकडच्या शाळेत गेलो. तिथे खिचडी करणाऱ्या हिराबाई गुरुजींना बघून नेहमी कपाळाला हात लावतात. "तुमी आले का मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. शाळा कंदी शिकले नाय, आन् आता तुमच्यापायी पेपर देते!"

त्या दिवशी मात्र त्यांनी पदराला हात पुसत हळूच विचारलं, "गुरुजी, त्या ठान्याला काय ठरतंय म्हनं? मोठ्या एका किचनात शिजवनार आन् टेम्पोनं शाळेशाळेत धाडनार? मंग आमी कुटं जायचं?"

गुरुजींचा चमचा तोंडाशीच थांबला. "उद्या तीच बैठक आहे," ते म्हणाले. "बोलतो मी."

मला काही त्याचा भरवसा वाटला नाही. बैठकीत गुरुजी कधीच बोलत नाहीत. पुरस्कारवाले म्हणून पहिल्या रांगेत बसवतात, गुलाबाचं फूल देतात, आणि हे ते फूल मांडीवर ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघतात.

गुरुवारी पडद्यावर ते मोठं किचन दाखवलं. चकचकीत पातेली, टोप्या घातलेली माणसं. साहेबांनी उगाच रीत म्हणून विचारलं, "काही सूचना?" आणि गुरुजी उभे राहिले, हातात चमचा घेऊन. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला स्कूटीसकट पोटात घ्यावं.

"साहेब, चव कोण घेणार?"

"तिथे प्रयोगशाळा आहे ना, गुरुजी."

"प्रयोगशाळा जेवते का?"

सगळी सभा हसली. गुरुजी हसले नाहीत. "शेवटचं पोर जेवेपर्यंत पातेल्यापाशी थांबणारं माणूस पाहिजे हो. कसं झालंय, अजून वाढू का, असं विचारणारं कुणी नसलं की जेवणाऱ्याची चवच जाते. मला ठाऊक आहे…" आणि ते खाली बसले.

"नोंद घेतली," साहेब म्हणाले.

परत येताना गुरुजी एवढंच म्हणाले, "बाई, नोंद घेतली म्हणाले, पण लिहिताना कुणीच दिसलं नाही."

शुक्रवारी, शनिवारी त्यांनी रजा टाकली. चमचा बैठकीच्या टेबलावरच विसरले होते, तो मी पर्समध्ये टाकून आणला होता. चमच्याशिवाय गुरुजी म्हणजे काहीतरी बिनसलंय. म्हणून रविवारी दुपारी तो द्यायला आटगावला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा भेटायला गेले होते, त्यानंतर आताच.

गुरुजी गॅसपाशी उभे होते. कुकरची शिट्टी व्हायची होती. शेजारी खिळ्याला दोरीने एक लांबट वही टांगलेली. वर काकूंच्या अक्षरात लिहिलेलं, "चव नोंदवही. शाळा: आपले घर."

"तिनेच सुरू केली," गुरुजी म्हणाले. "म्हणाली, गावभर शेरे देत फिरता, एक मलाही द्या."

मी वही उघडली. "वालाचे बिरडे. मीठ बरोबर. दुसऱ्यांदा मागितले." त्याखाली काकूंचं अक्षर, "तिसऱ्यांदाही मागितले, ते कोण लिहिणार?" पानंच्या पानं अशी भांडणं. वाचताना मला हसू आवरेना.

मग एका पानापासून काकूंचं अक्षर थांबलं. स्वयंपाक करणारे: स्वतः. चव घेणारे: स्वतः. लाभार्थी: १. शेरा: चांगले.

दुसऱ्या दिवशी चांगले. तिसऱ्या दिवशी चांगले. तीन वर्षं, रोज, चांगले. आजचाही शेरा लिहून तयार होता, आणि कुकर अजून उघडायचा होता.

गुरुवारी ठाण्याला हा माणूस हिराबाईंसाठी उभा राहिला असं मी समजत होते. तो स्वतःचं पंगतीतलं पानही मागत होता, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. आणि मी मेली बाहेर उशीर झाला म्हणून हॉर्न वाजवत होते!

"शेरा रिकामा ठेवता येत नाही ना," गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मलाही वाढा," मी म्हटलं.

दुसरं ताट फळीवर मागे पडलं होतं. ते धुऊन, पुसून त्यांनी मांडलं. मी पहिला घास घेतला.

"गुरुजी, मीठच नाही."

"नाही?" त्यांनी मी आणलेल्या चमच्याने थोडी खिचडी तोंडात घातली आणि बराच वेळ घोळवली. "नाही की खरंच. म्हणजे… कालही नसेल."

मी वही ओढली, "चांगले" खोडलं आणि लिहिलं, "मीठ घालायचे राहिले. भात मऊ. सोबत कढी हवी होती, ती पुढच्या रविवारी मी आणीन." खाली सही केली.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेऊन लाभार्थींचा एक खोडला, दोन केला, आणि दोन्ही खोडलेल्या जागी बारीक सह्या केल्या.

"खाडाखोडीवर सही लागते, बाई," असं म्हणाले आणि डोळे पुसत मिठाची बरणी शोधायला उठले.