ऑर्डालवर हिरव्या कोटाची स्वारी

सप्टेंबर मासी, मक्याची कापणी तोंडावर आली असता, हॅलगेट कॉलेज बुडाल्याचे वर्तमान टोलेफसनांच्या स्वयंपाकघरी दाखल जाहले. विद्यार्थी थोडे, खजिना रिता, सबब येत्या उन्हाळ्यात दरवाजे कायमचे बंद, ऐसा विश्वस्तांचा खलिता फोनवर आला, आणि मारेनबाईंनी तो वाचला, आणि फोन टोस्टरपाशी उपडा ठेवला.

हॅलगेट म्हणजे त्यांच्या मातुश्री स्वर्गवासी कोरिनबाईसाहेब यांचे कॉलेज. तेथे बाईसाहेबांनी फुटबॉलच्या मैदानी गोल राखिला, पुढे कन्येस हातमोजे चढवून तीच किल्लेदारी शिकविली, आणि कन्येने हॅलगेटासच जाण्याचा शब्दही दिला होता. वसंतात बाईसाहेब गेल्या. आता कॉलेजही गेले. मग मारेनबाईंनी जाहीर केले की, "आता कुठेही जाईन. पण खेळणार नाही." हातमोजे गराजमध्ये रंगाच्या डब्यांमागे गेले.

तीर्थरूप डेल टोलेफसन यांस बोलण्याची सवय कमी. परंतु बाईसाहेबांनी अखेरच्या दिवसांत त्यांस हुकूम फर्माविला होता की, "पोरीला कॉलेजं दाखवायला तू ने. आणि परत आल्यावर मला सगळं नीट सांग. नेहमीसारखं 'बरं होतं' म्हणून उडवायचं नाही." तो हुकूम मोडण्याची छाती डेल यांस नव्हती. मग ऑक्टोबरात गाडीत पेट्रोल भरले, सँडविचांची रसद घेतली, बाईसाहेबांनी कधीकाळी घेऊन दिलेला हॅलगेटचा हिरवा कोट अंगी चढविला आणि मिनेसोटा प्रांती कूच केले.

पहिली स्वारी थोरल्या विद्यापीठावर. तेथे उलट पावली चालणारा वाटाड्या पुढे आणि पाहुण्यांची फौज मागे, ऐशा थाटाने तमाम मुलूख फिरून पाहिला. क्रीडागार एवढे थोर की आमचे गाव आत ठेवले असते तरी बाके उरती. मारेनबाई म्हणाल्या, "इथे मी हरवले तर कुणाला कळणारही नाही." तेथून कूच केले.

दुसरी स्वारी एका लहान कॉलेजावर. तेथे सामना चालू होता आणि पाहण्यास काही आईबाप व एक कुत्रा हजर होता, आणि पैकी कुत्र्याचेच काय ते लक्ष होते. विद्यार्थी कोठे म्हणून विचारिता वाटाड्या म्हणाला, "खोल्यांमध्ये असतील." मारेनबाई गाडीत जाऊन बसल्या. डेल यांनी दिलगीर होऊन दोन सँडविचे लागोपाठ खाल्ली.

परतीचे वाटेवर ऑर्डाल गाव लागते. ऑर्डाल कॉलेज म्हणजे हॅलगेटचा पिढीजात वैरी. तेथे उतरण्याची मसलत नव्हती, फक्त कॉफी हवी होती. परंतु कॉफीच्या दुकानी कुलूप, आणि दारावर पाटी की, "मॅचला गेलोय. तुम्हीही या." शेजारी न्हाव्याचेही दार बंद. सबब कॉफीच्या शोधार्थ उभयता मैदानी दाखल जाहले, कॉफी मिळाली, आणि डेल यजमान प्रेक्षकांच्या बाकावर बसले.

बसताच आसपास शांतता पसरली. मग अर्डिस नूटसन नामे एक बाई, कॉलेजच्या भटारखान्याच्या मुख्य, ऑर्डालच्या केशरी रंगाची चादर घेऊन आल्या.

"थंडी आहे हो. ही पांघरा."

"नको, ठीक आहे."

"जाडजूड आहे, घ्या."

"कशाला उगाच."

या प्रांताचा रिवाज ऐसा की दोनदा नको म्हणावे आणि तिसऱ्यांदा घ्यावे. डेल यांनी तिसऱ्या वेळेसाठी हातही पुढे केला. तो अर्डिसबाई हळूच म्हणाल्या, "घ्याच आता. हॅलगेटचा कोट घालून तुम्ही आमच्यात बसलायत. एवढे लोक मघापासून सभ्यपणे गप्प आहेत. बिचाऱ्यांना फार जड जातंय."

डेल यांनी कोटाकडे पाहिले, आणि हात मागे घेतला, आणि रिवाज मोडून तिसऱ्यांदाही नको म्हणाले. "बायकोनं दिलाय. हॅलगेटची गोलकीपर होती. गेली ती, वसंतात."

"लाल वेणी होती?"

"होती."

"माझी पेनल्टी अडवली होती तिनं," अर्डिसबाई म्हणाल्या. "वर हसली होती. दुष्ट बाई." आणि त्यांनी डोळे पुसले, आणि बाकावर चढून तमाम प्रेक्षकांस ललकारले की, "अरे, हॅलगेट आलंय. बसलात काय?"

तेव्हा जे जाहले ते ऑर्डाली पुष्कळ काळ सांगतील. रसायनाचे प्राध्यापक, पाद्रीसाहेब, न्हावी, पोरेपोरी, सगळे उठले आणि त्या कोटाची ऐसी हुर्यो केली की मैदानातील खेळाडूही खेळ सोडून वर पाहू लागले. पुढील सालापासून हुर्यो करण्यास हॅलगेट उरणार नव्हते, ते सारे उट्टे एकट्या डेलवर निघाले. डेल यांनी उभे राहून पाठ फिरविली आणि कोटावरील अक्षरे सर्वांस नीट दाखविली. हुर्यो दुप्पट जाहली. आणि मारेनबाई हसल्या. कॉफी सांडेपर्यंत हसल्या. वसंतानंतर प्रथमच.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "बाबा, मी इथे येणार."

"या लोकांत? आई काय म्हणेल?"

"आधी शिव्या घालेल." मग थोडे अंतर गेल्यावर म्हणाल्या, "आई गेल्यापासून तिचं नाव निघालं की सगळे हळू आवाजात बोलतात. यांनी केवढा आरडाओरडा केला."

डेल यांनी उगाच वायपर चालू केले.

तदनंतर हातमोजे रंगाच्या डब्यांमागून बाहेर आले. ऑर्डालच्या प्रशिक्षकांनी मारेनबाईंस मैदानी पाचारून परीक्षा घेतली आणि किल्ल्याची जागा देऊ केली. जागा कबूल जाहली, केशरी निशाण अंगणात लागले, आणि हिरवा कोट आहे तैसाच खुंटीवर राहिला. अर्डिसबाईंचा निरोप आहे की दर सामन्यास तोच घालून यावे, नाहीतर आत सोडणार नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.

सगळे नीट सांगावे, ऐसा मला हुकूम होता. लिहून झाले आहे. अजून तिच्या कबरीपाशी जाऊन वाचून दाखवलेले नाही.