प्रमाणित बैल

सन १९७६ मध्ये धामकाठच्या आमच्या ग्रामपंचायतीपुढे विजेच्या एककाचा गंभीर प्रश्न उभा राहिला. देवकाबाईंनी आपल्या वांग्यांच्या वाडीतल्या विहिरीवर मोटारपंप बसवण्यासाठी अर्ज केला होता. पंपावर तीन अश्वशक्ती लिहिलेलं आणि अर्जात रकाना किलोवॅटचा. ‘योग्य एकक निवडून फेरसादर करावे’ असा शेरा घेऊन अर्ज परत आला. सरपंच वासुदेवरावांनी ताबडतोब समिती नेमली. सचिव मी, कारण गावात शाईचं पेन माझ्याकडेच होतं.

“घोडा काऊन पाह्यजे?” पहिल्याच बैठकीत सरपंच गरजले. “घोडं आपल्या गावात फक्त नवरदेवासाठी येते. अन् किलोवॅट त कोणीच पाह्यला नाई. काम करते बैल. वीज बैलातच मोजा!”

टाळ्या पडल्या. वीज कार्यालयानेही हरकत घेतली नाही, एवढंच विचारलं की कोणता बैल? सरपंचांचा बैल खाऊन सुस्तावलेला, तानबाचा लंगडा. सर्व बाबतींत मध्यम असा एकच निघाला, देवकाबाईंचा. त्याला हार घालून पंचायतीच्या ओसरीत बांधण्यात आलं. आता त्याला कामाला जुंपणं शक्य नव्हतं. तो झिजला तर अख्ख्या गावाची वीज चुकली असती.

“मंग माही मोट कोण ओढन?” देवकाबाईंनी विचारलं. “एका बैलावर मोट चालते का? वांगे सुकून राह्यले न भाऊ!”

“वीज येऊन राह्यली न,” सरपंच म्हणाले. “जरा दम धरा.”

पंचायतीची सरकीची ढेप खाऊन बैल मातला. त्याची ताकद मोजायला समिती दोराचं दुसरं टोक धरून उभी राहायची. सुरुवातीला आम्ही अंगणापर्यंत फरफटलो, पुढे थेट नदीपर्यंत. एककच बळकट झाल्यामुळे पंपाची गरज तीन बैलांवरून दोनावर आली आणि अखेर एकावर. विजेची एवढी बचत जिल्ह्यात कोणी केली नव्हती. आम्ही तसं अभिमानाने कळवलं.

कार्यालयाचं उत्तर आलं: ‘गरज केवळ एक बैल असल्याने वीजजोडणी नामंजूर. अर्जदाराने बैल वापरावा.’

देवकाबाई धावतच आल्या. “आयकलं न साहेबाचं? सोडा माहा बैल!”

मला त्यांची फार कणव आली. मी दाव्याला हातही घातला.

“हात काढा!” सरपंच ओरडले. “तो आता सरकारी माप आहे. बाई, तुमी रीतसर अर्ज करजा. बैलाची ताकद किलोवॅटमधी लिहजा.”

“किलोवॅट म्हंजे केवढा?”

समितीने छताकडे पाहिलं. तिथे एक बल्ब लटकत होता, तोही बंद.

वाचक शिकलेसवरलेले आहेत, विजेचं बिल भरतात. किलोवॅट म्हणजे नेमका केवढा, हे त्यांनी कुठलंही पुस्तक न उघडता पंचायतीला कळवावं. तोवर बैल ओसरीतच राहील, आणि वांगी सुकली तर त्याला जबाबदार तुम्ही.