कपाटातले सासरे

बाळ इब्तिहालकडे बघत नव्हतं.

ती त्याला पाजायची, छातीशी धरून डोलवायची, तोंडाशी तोंड नेऊन "शहाता, ए माझ्या राजा" म्हणायची. आणि महिना उलटून गेलेला तो राजा तिच्या डाव्या कानावरून पलीकडे बघत राहायचा. भिरभिर नव्हे, टक लावून. बोलता बोलता दारात कुणी ओळखीचं येऊन उभं राहावं आणि आपण थांबावं, तसा. पहिल्यांदा तिने झटकन मागे वळून पाहिलं, तेव्हा मागे फक्त कपाट होतं.

कपाट साधंसुधं नव्हतं. इब्तिहालचे सासरे हाजी शहाता, ज्यांचं नाव बाळाला ठेवलं होतं, ते दुम्यात शहरातले नावाजलेले सुतार. आता दुम्यातमध्ये सुतार म्हणून नाव काढायचं म्हणजे खायचं काम नाही. तिथे दगड भिरकावला तर तो सुताराच्याच डोक्यात पडतो. हाजींनी शेवटचं काम म्हणून हे कपाट केलं. कोळशासारखं काळं पॉलिश आणि त्यावर शिंपल्याच्या पांढऱ्याशुभ्र चौकटी. याच खोलीत बसून, एकही खिळा न वापरता त्यांनी ते उभं केलं, आणि ते पुरं झालं तसे हाजी गेले. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. जिवंतपणी ते नुसते खोकले तरी घर चिडीचूप व्हायचं. अजूनही उन्हाने कपाटाचं दार करकरलं की त्यांचा मुलगा लुत्फी, म्हणजे इब्तिहालचा नवरा, हातातली सिगारेट पाठीमागे लपवायचा.

"आजोबांना बघतंय ते," सासूबाई तफीदा शांतपणे म्हणाल्या.

"आई, तिथे कपाट आहे."

"मग? स्वतःच्या हातचं कपाट सोडून त्यांनी काय झाडावर बसायचं?"

सासूबाईंकडे पुरावाही होता. सातव्या दिवशी रीतीप्रमाणे बाळाला चाळणीत घालून हलवलं, घराच्या कानाकोपऱ्यात मीठ उधळलं, तेव्हा कपाटामागे हात पोचला नव्हता. म्हणजे घरभरच्या अदृश्य मंडळींना बाहेरची वाट दाखवली, आणि ती कपाटामागची तेवढी जागा राहिली.

दुसऱ्या दिवसापासून कपाटासमोर तिपाईवर बिनसाखरेची कॉफी यायला लागली. सासूबाई खोलीत शिरताना "सलाम अलैकुम" म्हणायच्या आणि निघताना परवानगी मागायच्या. लुत्फी कपडे बदलायला न्हाणीघरात जाऊ लागला. बापासमोर तो कधी मोठ्याने हसला नव्हता, आता त्याने बायकोशीही कुजबुजत बोलायला सुरुवात केली.

"लुत्फी, आपल्याच खोलीत आपण चोरासारखे का बोलतोय?"

"तू बोल की मोठ्याने," तो कपाटाकडे बघत म्हणाला. "तुला कुठे त्यांचा मार खावा लागलाय."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारीण उम्म शिरीन खातरजमा करायला आली. तिने बाळाला कडेवर घेतलं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. बाळाची मान कपाटाकडे. तिने वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि किंचाळून त्याला सासूबाईंच्या ओटीत टाकलं.

"एक डोळा माझ्याकडे होता, हाज्जा, आणि दुसरा त्यांच्याकडे! अल्लाशपथ!"

झालं. त्या दिवसापासून घराला दार उरलं नाही. गल्लीतल्या बायका सकाळ-संध्याकाळ येऊन पलंगाभोवती बसायच्या, बाळाच्या डोळ्यांकडे बघायच्या आणि मग हळूच कपाटाकडे. कुणी हाजींना सांगून आपल्या मेलेल्या आईला निरोप धाडायची, कुणी लग्न न जमणाऱ्या पोरीचं विचारायची. बाळंतपणात डोक्याला बांधलेला फिका, सायीच्या रंगाचा रुमाल आता परके लोक घरात म्हणून इब्तिहालला दिवसभर काढता येईना. आपण या घरात कोण आहोत, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. बाळ कपाटाकडे बघायचं. काळे कपडे घातलेल्या सासूबाईंच्या पांढऱ्या चेहऱ्याकडेही बघायचं. फक्त जिने जन्म दिला तिच्याकडे बघत नव्हतं. रात्रंदिवस तिला एकच प्रश्न पोखरत होता: माझं काय चुकलं?

आणि मग एका दुपारी बाळ हसलं. पहिलंवहिलं, बोळक्याचं, खरंखुरं हसू. ते हसू तिच्या कानावरून सरळ पलीकडे, कपाटाला गेलं होतं.

बायकांनी झगारीत घातली, जिभा हलवत आनंदाच्या लांब किलकाऱ्या मारल्या. सासूबाईंनी डोळे पुसले. इब्तिहाल उठली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"या खोलीत एक तर हे कपाट राहील, नाही तर मी!"

लुत्फीने बराच वेळ विचार केला. इतका बराच, की ती गोष्ट ती पुढे कित्येक वर्षं त्याला ऐकवणार होती. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. "दिवाणखान्यात ठेवूया. त्यांनाही चार माणसांत बसायला आवडायचं."

शुक्रवारची नमाज आटोपून हाजींच्या कारखान्यातले चार सुतार आले. बाहेर खमसीनचं वारं सुटलं होतं. धुळीने आभाळ पिवळं पडलेलं, भरदुपारी घरात संध्याकाळ झालेली, आणि बंद खिडक्यांच्या फटींतून वारा कुणीतरी दात आवळून बोलल्यासारखा आत येत होता. सुतारांनी आधी कपाटाला सलाम केला. मग कपाट उचललं, पाठीचा भाग खोलीकडे, दारं बाहेरच्या बाजूला धरून चौकटीपर्यंत नेलं, आणि थांबले. ते दारातून जाईना.

"मापलं नाही का कुणी?" लुत्फीने विचारलं.

चारही सुतारांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने मशिदीत शिवी दिली. "हाजींच्या कामाला टेप लावायचा? आम्ही? त्यांच्या डोळ्यांदेखत?"

तिरकं करा, आडवं करा, खालचा पाय आधी काढा, असा घोळ सुरू झाला. आत इब्तिहाल बाळाला पलंगावर निजवून बघत होती. आता तरी, तिच्या मनात आलं, आता तरी हा माझ्याकडे बघेल. तिने बाळाकडे पाहिलं.

कपाट गेलं होतं. जिथे ते इतकी वर्षं उभं होतं तिथे भिंतीवर पांढरास्वच्छ लांबट चौकोन उरला होता, आणि त्याच्याभोवती बाकीची भिंत शेगडीच्या धुराने काळवंडलेली. दारात माणसं ओरडत होती, कपाट कण्हत होतं. बाळाचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या रिकाम्या भिंतीकडे, तिथेच, तसंच टक लावून बघत होतं.

"कपाट गेलं तरी हा तिथेच बघतोय!" ती किंचाळली.

चार सुतारांचे आठ हात एकाच क्षणी सुटले. कपाट धाडकन चौकटीत बसलं, असं गच्च, की जणू हाजींनी ते त्या चौकटीसाठीच बनवलं होतं. बाहेर पळापळ झाली. आत इब्तिहाल, बाळ, आणि तो पांढरा चौकोन.

पुढचा तासभर अख्खी गल्ली जिन्यावर जमली. एकूण एक सुतार, एकूण एक हुशार. "चौकट काढा." "कपाट कापा." "तू काप." "मी? माझी पोरंबाळं लहान आहेत." करवत या हातातून त्या हातात फिरत राहिली. हाजींच्या कपाटाला दात लावायची कुणाची हिंमत नव्हती. एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर नेरमीन, लहान मुलांच्या डॉक्टर, गर्दी बघून खाली आल्या. त्यांना सगळी कथा सांगण्यात आली, तीही आठ जणांकडून एकदम.

"अहो, या वयात पोराला सगळं जग धुक्यातून दिसतं," त्यांचा आवाज कपाटावरच्या फटीतून आत आला. "दोन विती अंतरावरचं काय ते जरा दिसतं. त्यापलीकडे फक्त जिथे काळं आणि पांढरं एकमेकांना भिडतं तेवढंच. ठळक कड दिसली की नजर तिथे चिकटते. डोळे मधूनच तिरळे होतात, ते आपसूक सरळ होतील. त्यात भूतबित काही नाही."

"म्हणजे त्याला हाजी दिसत नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"हाज्जा, मला तर या कपाटामुळे तुमची सूनही दिसत नाहीये."

इब्तिहालने अर्धंच ऐकलं. खोलीत उकडत होतं, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच कुणी आत येऊ शकत नव्हतं. तिने डोक्यावरचा रुमाल ओढून फेकला. काळे, घामाने ओले केस खांद्यावर पडले. तू माझ्याकडे बघत नाहीस ना, ती मनात म्हणाली, मग तू जिथे बघतोस तिथे मीच येऊन बसते. आणि पलंगाला खेटून, त्या पांढऱ्या चौकोनाला पाठ लावून ती जमिनीवर बसली. अंगावर काटा आला होता, पण ती हलली नाही.

बाळाची नजर तिच्या कपाळावर आली. केसांच्या कडेवरून हळूहळू फिरली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. मग घसरली, खाली, तिच्या डोळ्यांत. थांबली. बाळाच्या भुवया वर गेल्या. आणि ते हसलं, तिच्याकडे बघून.

इब्तिहाल रडली. पोटभर, नाक वाहेपर्यंत रडली. इतके दिवस पोरगं आईला शोधत होतं, आणि आई फिक्या रुमालात धुक्यासारखी विरून त्याच्यासमोर बसली होती. बाहेर अजून वाद चालूच होता. तिला अचानक त्या सगळ्यांचा मनस्वी संताप आला. ती दाराशी गेली आणि रडून घोगरा झालेल्या आवाजात, कपाटाच्या पाठीवर हात आपटून ओरडली,

"कापा ते!"

आवाज पाठीच्या पातळ फळीतून आत शिरला, रिकाम्या कपाटात घुमला आणि दुप्पट जड होऊन पलीकडच्या दारांतून बाहेर पडला. जिन्यावर कुणाच्या तरी हातातली करवत खाली पडली.

"जी, हाजी," सासूबाई म्हणाल्या.

इब्तिहालने सासूबाईंच्या तोंडून 'जी' कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. ते तिथेच थोडा वेळ राहिलं आणि मग गेलं. तिने घसा खाकरला.

"पाहुणे बंद!"

"जी, हाजी. आजपासूनच."

"सुनेला दुपारची झोपू द्या!"

"जी. लुत्फी, ऐकलंस ना?"

"जी बाबा," लुत्फीचा बारीक आवाज आला. मागोमाग करवत सुरू झाली.

इब्तिहाल परत बाळाशेजारी जमिनीवर बसून, तोंडावर हात दाबून हसू आवरत होती. आणखी काय मागावं याचा ती विचारच करत होती, अजून तोंड उघडलंही नव्हतं, तेवढ्यात पलीकडून सासूबाई पुन्हा म्हणाल्या,

"जी, हाजी. हो, हो, तेही करते. तुम्ही रागावू नका."

तिचं हसू विरलं. तिने बाळाकडे पाहिलं. बाळ मान वळवून कपाटाच्या पाठीकडे बघत होतं. ती कोरी, बिनपॉलिशची फळी. तिच्यावर ना काही काळं होतं, ना पांढरं.

इब्तिहालने पाय आवरले आणि ती नीट, ताठ बसली.