रॉक गट, मेटल गट आणि स्पीकरची एक जोडी

मतभेद हा लोकशाहीचा प्राणवायू आहे, याबद्दल सर्वांचं एकमत आहे. गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या पुढं असलेल्या उमरेवाडीत हा प्राणवायू पूर्वी मुबलक होता. गावात दोन गट, दोन गणेश मंडळं, चहाची दोन हॉटेलं आणि (गाव तसं लहान असूनही) दोन बसथांबे होते. मग एका निवडणुकीच्या तोंडावर दोन्ही गटांचे वरचे पुढारी एकाच पक्षात गेले आणि उमरेवाडीवर आभाळ कोसळलं. ज्यांच्याशी आयुष्यभर निष्ठेनं वैर केलं, त्यांच्याच शेजारी फ्लेक्सवर हात जोडून उभं राहायची वेळ आली. चहाला कुठल्या हॉटेलात जावं हे न कळून माणसं घरीच बसू लागली. अशा कठीण काळात गावाला प्रोग्रेसिव्ह रॉक आणि प्रोग्रेसिव्ह मेटल यांनी तारलं.

हे संगीत गावात आणलं योगीराज सरांनी आणि बालाजीनं. सर गंगाखेडला एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत, बालाजी गावातच कृषी सेवा केंद्र चालवी. दोघं नांदेडला वसतिगृहात एका खोलीत असताना आधीच्या कुणाची तरी विसरलेली हार्ड डिस्क त्यांना कपाटात सापडली होती. तिच्यात अभ्यासाचं काहीही नसल्यामुळं त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

ज्यांना हे संगीत ठाऊक नाही (म्हणजे जवळजवळ सगळे) त्यांच्या माहितीसाठी थोडा खुलासा. गाणं वीस-बावीस मिनिटांचं असतं. ताल सातचा, मग अकराचा, आणि कुणाला तो सापडलाच तर तेराचा. बालाजीनं हौसेनं चुलत भावाच्या वरातीत एकदा असं गाणं लावलं, तेव्हा घोडी जागेवर थांबली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही. इथवर रॉक आणि मेटल सारखेच. फरक एवढाच, की रॉकमध्ये माणूस या विश्वात एकटा असतो. मेटलमध्येही एकटाच असतो, पण त्याला कुणीतरी जबाबदार असतं. रॉकमध्ये बासरी चालते. मेटलमध्ये ढोल दोन्ही पायांनी वाजवतात आणि गाणाऱ्याचा घसा बसला तरी कार्यक्रम रद्द होत नाही.

दोघांनी मिळून चांगल्यातली स्पीकरची जोडी घेतली होती आणि ती दुकानावरच्या खोलीत ठेवली होती. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून दोघं वर जाऊन बसत. अख्ख्या परभणी जिल्ह्यात हे ऐकणारे, त्यांच्या माहितीप्रमाणं, दोनच जण होते आणि ते दोघं जिवलग मित्र होते. असं भाग्य फार थोड्या संगीतांना लाभतं. सरांचा अख्खा आठवडा त्या एका दुपारच्या भरवशावर निघायचा.

भांडण झालं ते सगळ्यात आवडत्या गाण्यावरून. त्यात निम्म्यावर अचानक गिटार अंगावर धावून येतात. "इथवर रॉक हाय, पुढं निस्ता धिंगाणा," सर म्हणाले. "इथवर प्रस्तावना हाय, गानं पुढंच हाय," बालाजी म्हणाला. सर म्हणाले, मेटल म्हणजे रॉकला आलेला ताप. बालाजी म्हणाला, "अन् तुझं रॉक म्हंजी पेन्शनीत निघालेलं मेटल." शिक्षकाला पेन्शनीवरून बोललेलं लागतं (सरांना जुनी पेन्शन योजना लागू नव्हती). त्या दिवशी बोलणं बंद झालं आणि वाटणी करायचं ठरलं.

वाटणीसाठी दिनकररावांना बोलावलं. त्यांनी पंचक्रोशीतल्या विहिरीच्या पाळ्या, बैलजोड्या, चिंचेची झाडं आणि एक म्हैससुद्धा (सकाळची धार थोरल्याची, संध्याकाळची धाकट्याची) बिनतक्रार वाटलेली.

"नग किती?" दिनकररावांनी विचारलं.

"दोन."

"मानसं किती?"

"दोन."

"मग अडचन काय हाय?"

सरांनी गणितात एम.एस्सी. केलेली होती. त्यामुळं दोन भागिले दोन बरोबर एक, हे त्यांना ताबडतोब पटलं. पांढऱ्या पिनेचा डावा स्पीकर सरांना आणि लाल पिनेचा उजवा बालाजीला मिळाला. या गाण्यांत निम्मी वाद्यं डाव्या स्पीकरला आणि निम्मी उजव्याला आधीच वाटून दिलेली असतात, त्यामुळं ज्याच्या त्याच्या स्पीकरमधून ज्याची त्याची बाजूच वाजू लागली.

आणि काय चमत्कार! सरांनी तेच गाणं घरी लावलं तर धिंगाणा गायब. फक्त ऑर्गन, बासरी, गाणाऱ्याचा आवाज आणि मधे मधे गंभीर शांतता. तिकडं बालाजीकडं बासरीचा उपद्रव संपला आणि अखंड गिटार सुरू झाल्या. आपलंच म्हणणं खरं होतं याचा दोघांना एकाच दिवशी, आपापल्या घरी, धडधडीत पुरावा मिळाला.

गाव अशा संधीची वाटच पाहत होतं. आठवड्याभरात रॉक गट आणि मेटल गट स्थापन झाले. एकाचे गमछे पांढरे, दुसऱ्याचे लाल. 'रॉकचं खंबीर नेतृत्व' असे वाढदिवसाचे फ्लेक्स लागले. दोन्ही हॉटेलांना गिऱ्हाईक परत आलं. सोयरीक जुळवताना पाहुणे पत्रिकेच्या आधी गट विचारू लागले. गावच्या ताज्या पाहणीनुसार एकूण तीनशे बारा कुटुंबांपैकी एकशे अठ्ठेचाळीस रॉकची आणि एकशे एक्कावन्न मेटलची आहेत. उरलेली तेरा पुण्याला असल्यामुळं फोनवरून भांडतात. प्रत्यक्ष संगीत मन लावून ऐकलेल्यांची संख्या दोन.

सर रॉक गटाचे आजीव अध्यक्ष झाले. सत्कार होत, नारळ मिळत. पण रविवारची दुपार त्यांना खायला उठे. सोबतीला बायको राजेश्री बसायची, पण तांदूळ निवडत.

"अहो, ह्यो मानूस मधी मधी गप कामून होयलाय?" एकदा तिनं विचारलं.

"ती शांतता आहे. रॉकचा आत्माच तो," सर म्हणाले. यावर त्यांनी गटाच्या मेळाव्यात भाषणही केलं होतं.

"मला तर वाटायलंय, कुनीतरी त्येला बोलायलंय अन् आपल्याला ऐकू येईना."

सरांनी गाणं पुन्हा लावलं. गाणारा एक प्रश्न विचारी आणि थांबे. मग पुन्हा विचारी आणि थांबे. बालाजीशेजारी बसून शंभरदा ऐकलेलं गाणं, आणि त्यातलं उत्तर आपण विसरलो कसे, याची सरांना मनापासून लाज वाटली. त्यांनी स्पीकर उशीच्या अभ्र्यात घातला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मेटल गटाच्या गल्लीत शिरले.

बालाजी दुकानात युरियाच्या पोत्यावर बसला होता. त्यानं अभ्र्याकडं पाहिलं.

"तुझ्याकडं काय वाजायलंय रे?" सरांनी विचारलं.

"निस्ता जवाब यायलाय गड्या," बालाजी म्हणाला. "सवाल कोन करायलंय, तेच कळंना."

बालाजीनं घरून आपला स्पीकर आणला आणि दोघांनी ते शेजारी शेजारी ठेवले. पिना लावायच्या आत दुकानासमोर दोन्ही गट जमले होते. (स्थापनेपासूनची ही त्यांची पहिली संयुक्त बैठक.) रॉक गटाच्या युवा आघाडीचा पप्पू पुढं झाला. "सर, तुमी मॅनेज झालाव. तुमच्यापायी मी सख्ख्या मेव्हन्याशी बोलत न्हाई, अन् तुमी हितं येऊन बसलाव?"

"एकदाच," सर म्हणाले. "फक्त बावीस मिनिटं. दोन्ही मिळून लावू द्या. तुमीबी ऐका. मग काय करायचं ते करा."

सगळ्यांनी दिनकररावांकडं पाहिलं. दिनकररावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"आन् जोडून चांगलं वाजलं तर?" ते म्हणाले. "मग गावानं काय करायचं?"

याला गणितात उत्तर नव्हतं. जमलेल्यांनाही प्रश्नाचं गांभीर्य एकदम कळलं. ठराव जागेवरच मंजूर झाला: वाटणी कायम राहील. दोन्ही स्पीकर, दोघांकडच्या गाण्यांसकट, ही आता गटांची मालमत्ता असून ते आपापल्या मंडळाच्या कार्यालयात काचेच्या कपाटात राहतील आणि वाजवले जाणार नाहीत. सर आणि बालाजी यांना दोन्ही गटांतून काढून टाकण्यात येत आहे, कारण ज्यानं ऐकलं आहे त्याचं मत पूर्वग्रहदूषित असतं. यापुढं न ऐकलेल्यांनाच सभासद होता येईल.

त्या दिवसापासून दोन्ही गटांचं काम अत्यंत सुरळीत चालू आहे. सर आणि बालाजी रविवारी दुपारी वरच्या खोलीत खिडकी लावून बसतात. सर सवाल गुणगुणतात, बालाजी तोंडानं गिटार काढून जवाब देतो. बावीस मिनिटांचं गाणं त्यांना नऊच मिनिटं आठवतं, आणि दर आठवड्याला ते थोडं कमी होतंय.

सभासद नोंदणी मात्र जोरात आहे. तालुक्याबाहेरच्यांनाही घेतात, तेव्हा वाचकांनी संकोच करू नये. इथवर वाचता वाचता आपणही दोन्हींपैकी एका प्रकाराला मनातल्या मनात जरासं उजवं ठरवलंच आहे, आणि या मजकुरात आपल्याला एक सूरही ऐकू आलेला नाही. पात्रता यापेक्षा जास्त लागत नाही. गमछा घरपोच मिळेल.