माशाचा काढा

मधुकररावांनी ठरवलं, या वेळी टाकीत नळाचं साधं पाणी म्हणून घालायचं नाही.

हा माणूस सरकारी कारखान्याच्या रिलायबिलिटी विभागात. म्हणजे एखादी वस्तू टिकेल की मोडेल हे आधीच सांगण्याचा पगार घेणारा. (घरात त्याच्या हातची वस्तू टिकलेली अजून कोणी पाहिलेली नाही, पण ते असो.) राजाजीनगरच्या फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीत त्यांची कॅटफिशची तीन पिल्लं एकामागून एक देवाघरी गेली होती. चौथं आणलं तेव्हा प्रमोदिनीबाईंनी बजावलं, "अहो, हे गेलं ना, की टाकी भंगारात. तिथे माझी शिलाई मशीन येणार."

पिल्लू करंगळीच्या पेराएवढं. दिवसभर लाकडाखाली दडलेलं, मिशा तेवढ्या बाहेर. मधुकररावांचा त्याच्यावर भारी जीव. आधीच्या तिघांसाठी ते खरोखर रडले होते, बाथरूमचा नळ सोडून.

इंटरनेटवर त्यांनी वाचलं, की नाजूक पिल्लांना जंगली बदामाच्या पानांचं तपकिरी पाणी मानवतं. झालं! साहेब सकाळी सकाळी रस्त्यावरची वाळकी पानं वेचू लागले. वॉचमनने आदराने हातात झाडू आणून दिला. पानं धुऊन, उकळून पातेलं ओट्यावर निवत ठेवलं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या अंबुबाई विरजण मागायला आल्या. त्यांचं कानडी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, आणि गुडघेदुखीही घराण्यातलीच.

"कषाय केलंय होय? बरं झालं!" म्हणत त्यांनी काढा समजून पेलाभर ओतून घेतलं आणि घटाघट संपवलं.

मधुकररावांचा आ वासलेलाच.

"अय्यो अण्णा, फार छान! गुडघा स्वल्प हलका वाटतोय की! कुणाचं औषध हे?"

माशाचं, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं खरं; पण प्रमोदिनीबाई त्यांच्याकडे चक्क कौतुकाने पाहत होत्या. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ही नजर नाही.

"आमच्या... आजीचं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंबुबाई जावेला घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी अख्खं भजनी मंडळ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मधुकरराव पहाटे पानं वेचत, ऑफिसातून येऊन उकळत, आणि पातेलं टाकीपर्यंत पोचायच्या आत रिकामं. पिल्लाकडे बघायचा त्यांना धीर होईना. झोपताना फक्त विचारायचे, "आहे ना गं?" बाई म्हणायच्या, "आहे."

शेवटी दोनेक महिन्यांनी एका रविवारी त्यांचा बांध फुटला. अंबुबाईंनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला तसे ते ओरडले, "पुरे! हे माझ्या माशाचं पाणी आहे! तुमच्या गुडघ्यांपायी माझं बाळ मरतंय तिकडे!"

मग अंबुबाईंनी शांतपणे विचारलं, "माशाला गुडघे असतात होय अण्णा?"

मधुकरराव टाकीकडे धावले. बघतात तर पिल्लू उघड्यावर मजेत हिंडतंय. चांगलं बोटभर झालेलं, पोट टम्म! तेही नळाच्या साध्या पाण्यात.

"हे कसं काय?" ते पुटपुटले.

"तुम्ही नव्हतात ना जवळ," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आधीच्या तिघांचं पाणी दिवसातून चारदा बदललंत, जिवंत आहे का बघायला चमच्याने ढोसलंत. काढा माशाचा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, यांना पातेल्यात गुंतवावं, म्हणजे टाकीतलं जगेल."

"मग ते... माझ्याकडे कौतुकाने बघणं?"

"त्याशिवाय तुम्ही ओट्यापाशी थांबला असतात?"

मधुकरराव टाकीवर हात ठेवणार, तोच मागून अंबुबाईंचा पेला वाजला. "सरी, ठीक झालं अण्णा. मासा वाचला. आता स्वल्प गॅस मोठा करा."